फौजी पाऊल

धामणेवाडी, रहिमतपूरजवळ
दि. १२ जून १९९४

चि. पद्मास,
लालासाहेबाचा आशीर्वाद.

तू सांगलीच्या दवाखान्यात बसून दिवसभर लोकांचे हातपाय ओढतेस, पण मामाची लेक असून आम्हाला तुझा आजवर काडीचा उपयोग झाला नाही. आता करून घ्यावा म्हणतो.

आमच्या जयराजची बारावी झाली. आता भरती. हिवाळ्यात साताऱ्याला भरती निघेल असं पलटणीतले जुने दोस्त सांगतात. बापू फौजेत होते, मी होतो, आता ही तिसरी पिढी. पोरगं उंचीत बसतं, छाती फुगते, नजर साफ आहे. पायाचं तर विचारूच नकोस. आमच्या गल्लीत पोराला मिसरूड फुटलं की तो न्हाणीतून बाहेर येताना फरशीवरचं त्याचं ओलं पाऊल सगळे वाकून बघतात, हे तू लहानपणी सुट्टीत आल्यावर पाहिलंयस. पाय सपाट असला की गडी भरतीतून परत. जयराजचं पाऊल उमटतं ते पुढं पंजा, मागं टाच आणि मधे कोरडं ठक्क. शेजारचे आप्पासो बघून म्हणाले, "लालासाब, ह्यो तर बापूचा पाय हाय. फौजी पाऊल." चालही बापूंचीच. गुडघा उचलून पाऊल टाकतो. बांधावरून येताना लोक लांबूनच ओळखतात, मान्यांचा आला म्हणून.

अडचण एकच. घोटा कच्चा आहे. पळताना पाय सारखा मुरगळतो. सपाट रस्त्यावर ठेच लागते, अंगठ्याचं नख कायम फुटलेलं. तुझी वहिनी आंबेहळदीचे लेप लावून कंटाळली. तर घोटा बळकट करायचा एखादा व्यायाम लिहून पाठव. तुझं इंग्रजी नको, मराठीत लिही.

तुझा दादा,
लालासाहेब

----

सांगली
दि. २१ जून १९९४

ती. दादास,
सा. न.

कामापुरती का होईना, बहीण आठवली. बरं वाटलं.

व्यायाम पाठवण्याआधी मला काही गोष्टी कळायला हव्यात. जयराजला पंजे वर उचलून नुसत्या टाचांवर चालायला सांग. जमतं का? पिंढऱ्या मांडीच्या मानानं फारच बारीक आहेत का? पायाची बोटं खाली वळलेली दिसतात का? चालताना चप्पल पायातून निसटली तर त्याला लगेच कळतं, की कुणी सांगितल्यावर? आणि काटा मोडला तर?

हे सगळं कागदावर विचारण्यापेक्षा तू त्याला घेऊनच ये. रहिमतपूरला सकाळच्या रेल्वेत बसलात तर जेवायच्या आत माझ्याकडे पोहोचाल. वहिनींनाही आण. साक्षी किती उंच झाली तेही बघायचं आहे.

पद्मा

----

धामणेवाडी
दि. ८ जुलै १९९४

चि. पद्मास,
आशीर्वाद.

तुझा पेपर सोडवला. टाचांवर चालायला लावलं तर पोरगं हसत खालीच बसलं. मी करून दाखवायला गेलो, मलाही जमेना. माझं वय झालं, त्याचा आळस. पिंढऱ्या बारीक आहेत, मान्यांच्या असतातच. माझ्याही बघ. हरणाच्या पायाला कधी मांस बघितलंयस का? चप्पल मागं राहते आणि हा पुढं निघून येतो, ही तर आमच्या घरातली जुनी गंमत आहे. वहिनी म्हणते, "बापलेकांच्या चपला गोळा करण्यात माजा जलम चाललाय."

पेरण्या चालू आहेत, त्यामुळं सांगलीला यायला आत्ता सवड नाही. उपाय मी माझा सुरू केलाय. माझे पलटणीतले नालाचे बूट पेटीतून काढून त्याला दिले. पहाटे त्या बुटांनी रहिमतपूरच्या रस्त्यानं पळायचं. घोट्याला वाळूच्या पिशव्या. आम्हाला उस्तादानं असंच तयार केलं होतं. पहिल्या दिवशी रडकुंडीला आला, आता मुकाट पळतो.

लालासाहेब

----

सांगली
दि. १५ जुलै १९९४

ती. दादास,
सा. न.

हे पत्र तू एकटा असताना वाच आणि रागावण्याआधी शेवटपर्यंत वाच.

वाळूच्या पिशव्या आजच सोड. ते बूट पुन्हा पेटीत टाक. तुझी उत्तरं मी आमच्याकडच्या नसांच्या डॉक्टरांना दाखवली. पाहिल्याशिवाय नक्की सांगता येत नाही, असं ते म्हणाले, पण त्यांच्या आणि माझ्या मनात एकच गोष्ट आहे. हा पायाच्या नसांचा आजार आहे आणि तो घराण्यात चालत येतो. गुडघ्याखालच्या नसा हळूहळू निकामी होत जातात. स्नायू वाळतात, म्हणून पिंढऱ्या बारीक. पंजा वर उचलत नाही, तो लोंबतो आणि जमिनीला अडकतो, म्हणून माणूस गुडघा उचलून चालतो. पायाची कमान उंच होते, म्हणून तुमच्या फरशीवर मधला भाग कोरडा राहतो. तुम्ही ज्याला फौजी पाऊल म्हणता ना दादा, ते दुखणं आहे.

याहून वाईट म्हणजे पायाला लागलेलं कळेनासं होतं. बापू आठवतात? गुऱ्हाळावर चुलवणाशेजारी गप्पा मारत बसले होते. चामडी जळाल्याचा वास आला तेव्हा सगळ्यांनी पाहिलं, बापूंचा पाय निखाऱ्याला टेकलेला. बापूंनी वाकून बघितलं आणि हसले. मी सात-आठ वर्षांची होते. केवढा शूर माणूस, म्हणून ती गोष्ट तुम्ही लोक अजून सांगता. त्यांना ते भाजणं कळलंच नव्हतं.

औषध नाही, हे मी लपवत नाही. पण पाय सांभाळता येतात. पंजा लोंबू नये म्हणून पट्टी मिळते, मऊ बूट मिळतात, व्यायाम आहेत. अशी माणसं म्हातारपणापर्यंत आपल्या पायांनी फिरतात. फौज मात्र नाही. हे जयराजला तूच सांग, कारण तुझं तो ऐकेल. आणि त्याला घेऊन ये. तुझाही पाय मला बघायचा आहे.

पद्मा

----

धामणेवाडी
दि. २ ऑगस्ट १९९४

पद्मा,

पत्र वाचलं. शेवटपर्यंत वाचलं.

बापूंचा पलटणीच्या टोपीतला फोटो आमच्या सोप्यात आहे. त्याच्यासमोर उभी राहून सांग की हा माणूस शूर नव्हता, आजारी होता. मी सतरा वर्षं नोकरी केली, बर्फात केली. माझ्या पायाला कोणी नाव ठेवलं नाही. न पाहता, पंचवीस कोसांवरून, तू आमच्या रक्तात खोट काढलीस.

साक्षीचं दोन-तीन वर्षांत बघायला लागेल. मान्यांच्या घरात पिढीजात रोग आहे ही गोष्ट एकदा बाहेर पडली तर पोरीला कोण दारात उभं करील, याचा विचार केलास? आणि तुझं म्हणणं खरं धरलं तर ते पोराला माझ्याकडून गेलंय. लहानपणापासून ज्याला 'तुझा पाय माझ्यासारखा' म्हणून खांद्यावर मिरवलं, त्याला आता काय सांगू?

मी त्याला काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तुझं पत्र चुलीत घातलं. या विषयावर पुन्हा लिहू नकोस.

लालासाहेब

----

सांगली
दि. २८ ऑक्टोबर १९९४

ती. दादास,
सा. न. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

दिवाळीचा फराळ केला नाही, त्याऐवजी सोबत खोकं पाठवते आहे. त्यात जयराजसाठी बूट आहेत. आत जाड मऊ तळ आहे. पायाला लावायची पट्टीही आहे, ती बुटात बसते. मापं अंदाजानं काढली. विषय काढू नको म्हणालास म्हणून बाकी काही लिहीत नाही.

बूट नवीन आहेत, दिवाळीला घालू दे त्याला.

पद्मा

----

धामणेवाडी
दि. १९ जानेवारी १९९५

चि. पद्मास,
अनेक आशीर्वाद.

राग सोडला आहे, तूही सोड. आनंदाची गोष्ट आहे आणि ती आधी तुलाच कळवतो, कारण तुला ती कळायलाच पाहिजे.

भरती निघाली. पुढच्या आठवड्यात साताऱ्याच्या मैदानावर. जयराज आता रहिमतपूरला जाऊन येतो आणि धाप लागत नाही. तू पाठवलेले बूट फार मऊ, त्यात पायाला आराम लागतो, म्हणून ते साक्षीच्या आईनं फडताळात ठेवलेत. पळतो माझ्याच बुटांत.

परवाची गोष्ट सांगतो. पळून आला, उंबऱ्यावर बसून बूट काढला, तर मोजा रक्तानं चिंब. बुटाच्या तळातला खिळा वर आला होता आणि टाचेपुढं मांसात पार घुसला होता. तेवढं अंतर पोरगं त्या खिळ्यावर पळत आलं. मी विचारलं, "आरं, दुखलं न्हाई व्हय?" तर हसून म्हणाला, "न्हाई की आबा." सगळी गल्ली बघायला आली. आप्पासोंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "बापू परत आला रं ह्या घरात."

खिळा ठोकून बसवला, जखमेत हळद भरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पळाला. आता सांग, याला रोग म्हणतात?

लालासाहेब

----

[तार]
सांगली, २३ जानेवारी १९९५

जयराजला आजच आण. एक पाऊलही पळवू नको. दुखत नाही हेच संकट आहे. मी स्टेशनवर उभी राहते. पद्मा

----

सातारा
दि. १४ फेब्रुवारी १९९५

चि. पद्मास,

दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहितो आहे. हातातलं पेन नीट धरवत नाही, अक्षर लागलं तर वाच.

तुझी तार आली तेव्हा भरती दोन दिवसांवर होती. वहिनी दारात उभी होती. तार म्हटल्यावर ती घाबरली. मी म्हणालो, "पद्मीनं भरतीसाठी आशीर्वाद धाडल्यात." तार खिशात घातली. मनात म्हटलं, भरती एवढी होऊ दे, दुसऱ्याच दिवशी घेऊन जाऊ. त्या दोन रात्री पोराच्या अंगात ताप होता. थंडीचा असेल म्हटलं. पाय घोट्यापर्यंत सुजला होता, बूट ओढूनताणून चढवला. चढवला तो मीच. तो खाली बसला होता आणि मी गुडघ्यावर बसून नाड्या बांधल्या.

पळाला पद्मा. पुढच्या पोरांत आला. मी दोरीबाहेर उभा राहून टाळ्या वाजवत होतो. मग तपासणीला बूट काढायला लावले. फौजी डॉक्टर चार पावलं लांब होता, तो वासानं वळला. त्यानं पाय हातात घेतला आणि मला आत बोलावून विचारलं, "ये कबसे है?" त्यांच्याच गाडीतून इथं आणलं. पाय काळा पडला होता, विष वर चढत होतं. इथल्या डॉक्टरांनी एक दिवस वाट बघितली, मग गुडघ्याखालून उजवा पाय काढला.

जीव वाचला आहे. तुझ्या वहिनीनं तेव्हापासून भाताचं शीत तोंडात घातलेलं नाही.

एक मागणं आहे. जयराजला एवढंच माहीत आहे की खिळ्यानं घात केला. ते खोटं नाही. तू लिहिलं होतंस, मी चुलीत घातलं, तार खिशात ठेवली, हे त्याला कळू देऊ नकोस. रोगाचंही बोलू नकोस. शुद्धीवर आला तेव्हा त्यानं माझाच हात धरला. तेवढा माझ्याकडं राहू दे.

लालासाहेब

----

सांगली
दि. २० फेब्रुवारी १९९५

ती. दादास,
सा. न.

त्या दिवशी मी सांगली स्टेशनवर संध्याकाळच्या गाडीपर्यंत उभी होते.

राग इतका आहे की तो लिहिला तर आपल्यात काही उरणार नाही, आणि तू तिथे व्हरांड्यात बसलेला डोळ्यांसमोर येतोस तेव्हा तो टिकतही नाही. म्हणून कामाचं लिहिते.

जखम भरली की त्याला नकली पाय बसवण्याची व्यवस्था मी मिरजेला करते. तोवर त्याला सगळं सांग. मी सांगणं बरोबर नाही, तू बाप आहेस. तू सांगेपर्यंत मी गप्प राहते. पण फार काळ नाही दादा. त्याचा डावा पाय राहिला आहे आणि त्या पायातही तेच आहे.

पद्मा

----

धामणेवाडी
दि. ९ सप्टेंबर १९९५

ती. पद्माआत्यास,
जयराजचा सा. न.

मिरजेचा पाय आता चांगला बसतो आहे. सुरुवातीला खुंटाला फोड येत होते, आता सवय झाली. तुम्ही एवढी धावपळ केलीत त्याबद्दल आभार मानत नाही, कारण आईनं सांगितलंय की आत्याचे आभार मानले की आत्या मारते.

आबा घरात फारसं बोलत नाहीत. तुमचं पत्र आलं का, असं मी विचारलं की उठून रानात जातात. मी त्यांना पुष्कळदा सांगितलं की खिळा काही तुम्ही ठोकला नव्हता. पण ते मनाला फार लावून घेतात. एकदा म्हणाले, मी तुला सैल सोडायला पाहिजे होतं. मी म्हटलं, तुम्ही होता म्हणून मी मैदानावर पुढच्या पोरांत आलो. तो दिवस मला आयुष्यभर पुरेल. त्यावर ते तसेच उठून गेले.

मी आता स्वस्थ बसत नाही. रहिमतपूरला एका दुकानात हिशेबाला लागलो आहे. जाऊन-येऊन चालतच जातो. उजवा पाय लाकडाचा, तेव्हा सगळं काम डाव्यावर. तो मात्र दणकट आहे. तळव्याला एक काळा डाग पडलाय आणि मोज्याला थोडं पाणी लागतं, पण दुखत काहीच नाही, त्यामुळं काळजी नको. एका पायानं सायकल चालवता येते का, ते कळवा.

तुमचा,
जयराज

----

सांगली
दि. १२ सप्टेंबर १९९५

चि. जयराजास,
आशीर्वाद.

पत्र हातात पडताक्षणी खाली बस आणि डाव्या पायावर भार देऊ नकोस. दुकानात निरोप पाठव. हे पत्र पोहोचेल त्याच्या आगेमागे मीही पोहोचते.

काळजी नको असं तू लिहिलंस. काळजी हवी, कारण तुझ्या पायाला दुखणं कळत नाही. तुझ्या उजव्या पायालाही कळत नव्हतं. खिळा निमित्त झाला. तुला जन्मापासून पायाच्या नसांचा आजार आहे. तो तुझ्या आबांना आहे, थोडा. बापूंना होता. तू ज्या चालीनं चालतोस ती त्या आजाराची चाल आहे. हे मला गेल्या वर्षीच्या जुलैपासून माहीत आहे आणि मी तेव्हाच आबांना कळवलं होतं. खिळ्याचं वाचून तारही केली होती. ती त्यांच्यापर्यंत पोहोचली होती.

त्यांनी मला गप्प राहायला सांगितलं आणि फेब्रुवारीपासून मी राहिले. त्यांना तुझ्या नजरेतून उतरायचं नव्हतं. मला त्यांना मोडायचं नव्हतं. आम्ही दोघं मोठी माणसं एकमेकांना जपत बसलो आणि तू त्या पायावर रहिमतपूरला जात राहिलास. तुला कोणावर रागवायचं असेल त्यावर रागव, माझ्यावरही रागव. पण पाय वर घेऊन बस.

इथून पुढे रोज संध्याकाळी तुझा तळवा कोणीतरी उजेडात धरून बघायचा. बोटांच्या बेचक्यांतही बघायचं. तुला वाकून सगळं दिसणार नाही, आणि न दिसलेलं तुला कळणार नाही. म्हणून दुसऱ्या माणसाचे डोळे लागतील. कोणाचे, ते तू ठरव.

आत्या

----

धामणेवाडी
दि. ३ डिसेंबर १९९५

चि. पद्मास,
आशीर्वाद.

तू येऊन गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणत होतो. जखमेवर भार येऊ नये म्हणून घातलेलं प्लास्टर गेल्या आठवड्यात काढलं. मिरजेचे डॉक्टर म्हणाले, जखम हाडापर्यंत गेली नव्हती, थोडक्यात राहिली. तळव्याला नवी कातडी आली आहे. तू दिवाळीला पाठवलेल्या बुटांतला डावा त्याला बरोबर बसला. साक्षीला सोमवारी तुझ्याकडं पाठवतो, तिचाही पाय बघ. लग्नाचं नंतर बघू. माझा पाय तू बघितलासच, पट्टी मी बांधतो. बांधायला बोटं नीट चालत नाहीत, त्यामुळं वेळ लागतो.

तुझ्यावर राग नाही. सुरुवातीला होता. तुझं पत्र त्याला मिळालं त्या दिवशी तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि एवढंच विचारलं, "आबा, तार कुठाय?" मी पेटीतून काढून दिली. त्यानं वाचली, घडी केली आणि खिशात घातली. मला वाटलं ओरडेल, मारेल. मारलं असतं तर मी त्याचा हात धरला नसता.

तेव्हापासून तो माझ्याशी बोललेला नाही. आईशी बोलतो, साक्षीशी हसतो. मी सोप्यात आलो की गप्प होतो. जेवायला माझ्या आधी बसतो नाहीतर नंतर.

तळवा कोणी बघायचा, हे तू त्याच्यावर सोडलं होतंस. तुझी वहिनी म्हणाली, मी बघते. साक्षी म्हणाली, मी बघते. त्यानं दोघींनाही नको म्हटलं. रोज दिवेलागणीला तो सोप्यात येतो, माझ्यासमोर पाटावर बसतो आणि डावा पाय माझ्या मांडीवर ठेवतो. मग तोंड भिंतीकडं करतो. मी बॅटरी लावून टाच बघतो, तळवा बघतो, एकेक बेचकं बघतो. मी का, असं विचारायचं धाडस मला होत नाही. शिक्षा म्हणून असेल किंवा आणखी कशासाठी असेल. बघून झालं की मी सांगतो, आज काही नाही. तो उठून जातो.

माझ्याशी बोलत नाही पद्मा. पाय तेवढा देतो.

लालासाहेब